पिकअपला स्टार नसतात: जुनी गाडी पारखतानाचा माझा अनुभव

टोमॅटोच्या हंगामाआधी घरची पिकअप घ्यायचं ठरलं. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी. दिंडोरीहून पिंपळगाव बसवंतला माल न्यायचा, आणि तिथे भाव पडला की कसारा घाट उतरून वाशी. गाडी दीर चालवणार होते. किमतीचं तुम्ही बघा, गाडी जिवाला धड आहे का ते मी बघते, असं मी घरात सांगितलं.

आधी सुरक्षेचे स्टार शोधले, कारला असतात तसे. गाडी आदळून बघून स्टार देणारी भारत एनसीएपीची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, पण ती प्रवासी गाड्यांपुरती: चालक सोडून ८ पर्यंत सीट आणि एकूण वजन साडेतीन टनांच्या आत. मालवाहू पिकअप त्यात येतच नाही. दीड-दीड टन माल घेऊन रात्री घाट उतरणाऱ्या गाडीला स्टार नाहीत, याचा मला मनापासून राग आला. मग एकेका गाडीची कुंडली आपणच मांडायची, दुसरा इलाज नव्हता.

कागदांपासून सुरुवात केली. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की आरसी, विमा आणि फिटनेसची (गाडी चालवण्यालायक असल्याच्या सर्टिफिकेटची) मुदत दिसते. मालवाहू गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पण पास झालेली गाडी त्या दिवशी पास झालेली असते, पुढचं कोण सांगणार? ई-चलानांनी जास्त सांगितलं. एका गाडीवर ओव्हरलोडची चलानं होती. त्याचा दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० असतो. एवढा दंड बसूनही पुन्हा तेच करणाऱ्या मालकाने ब्रेकची काय काळजी घेतली असणार? ती गाडी मी बघायलाही गेले नाही.

विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघायचा. त्याच मालकाकडे गाडी बरीच वर्षं असून बोनस शून्य असेल, तर आदल्या वर्षी क्लेम झाला होता का हे सरळ विचारावं. मात्र पिकअपला बऱ्याचदा नुसता थर्ड पार्टी विमा असतो. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेमच होत नाही, म्हणजे गाडी ठोकलेली असली तरी विम्याच्या कागदावर त्याचा मागमूस नसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला की एखादं रिकॉलचं (दोष सापडल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायचं) काम बाकी आहे का तेही कळतं. हे फुकटात होतं, तरी आमच्याकडे कुणी विचारत नाही.

खरी माहिती मिळाली ती गाडीखाली वाकल्यावर. आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळचे एक मिस्त्री सोबत घेतले होते. "ताई, वाका आणि पाटे मोजा," ते म्हणाले. पाटे म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. मूळ पाटे गंजून तांबूस झालेले, आणि त्यांत दोन वेगळेच, कमी गंजलेले. पाटे आवळून धरणारे यू-बोल्टही नवे आणि लांब. म्हणजे जास्त माल भरता यावा म्हणून पाटे वाढवलेले.

"यात वाईट काय? गाडी मजबूतच झाली," मालक म्हणाले. मिस्त्रींनी मला मागच्या ॲक्सलवरून चासीकडे (गाडीच्या सांगाड्याकडे) जाणारी एक बारीक दांडी दाखवली. तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की गाडी मागून दबते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की तोच व्हॉल्व्ह प्रेशर कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. जादा पाटे टाकले की भरलेली गाडीसुद्धा दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक नीट लागत नाहीत, सगळा भार पुढच्यांवर येतो, आणि लांबच्या उतारावर ते तापून निकामी व्हायला लागतात. कसारा घाटात नेमकं काय होईल, हे मला त्या दांडीकडे बघताना कळलं. दुसऱ्या एका गाडीत तर ती दांडी तारेने बांधून टाकलेली होती.

बाकीचं पटापट बघून होतं: सगळ्या काचांवर छापलेलं बनावटीचं साल एकसारखं आहे का (म्हणजे काच बदललेली नाही ना), चासीवर वेल्डिंगची खूण आहे का, टायरवरचे शेवटचे चार आकडे (टायर बनल्याचा आठवडा आणि साल), झटका दिल्यावर सीटबेल्ट अडकतो का.

पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला येणारे मजूर अशाच पिकअपच्या हौद्यात उभे राहून येतात. तिथे ना सीट ना बेल्ट, आणि उभ्या माणसांमुळे वळणावर गाडी लवकर कलंडते. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसवलेल्या माणसांना तिचा विमाही लागू होत नाही. आमच्या गाडीत हौद्यात माणूस बसणार नाही, ही अट मी गाडी यायच्या आधीच घातली.

वजनाचा हिशोबही घरी बसून केला. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, तर साधारण १,५०० किलो उरले. त्यातून दोन माणसांचे १४० किलो गेले. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, वर रिकाम्या क्रेटचं दीड-दोन किलो. म्हणजे साठ-बासष्ट क्रेट. बाजारात अशाच गाडीवर शंभर क्रेट रचलेली दिसतात. दीर म्हणाले, "वहिनी, मग भाडं कसं परवडेल?" मी दोन फेऱ्यांच्या डिझेलचा हिशोब मांडला. वाशीची फेरी महाग पडते हे खरं आहे, पण पिंपळगावची परवडते.

शेवटी वाढवलेल्या पाट्यांचीच गाडी घेतली, कारण तिची चासी सरळ होती आणि चलानं नव्हती. जादा पाटे मालकाच्या खर्चाने काढून घेतले, व्हॉल्व्ह कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सेट करून घेतला आणि माल भरून ब्रेक तपासल्यावरच उरलेले पैसे दिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पेठ रोडच्या आरटीओत नावावर केली. नव्या पॉलिसीत चालक आणि हमालांचं जादा कव्हर घातलं. ते आपण होऊन मागावं लागतं.