पायलट व्हायचंय, पण कोणत्या दलात?

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) प्रवेश परीक्षेच्या फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम विचारतात. "उडायचंय ना, मग वायुदल पहिलं" एवढ्याच विचारावर तो भरला जातो. बहुतेकांसाठी उत्तर बरोबरही असतं. पण ते का बरोबर आहे हे ठाऊक नसेल, तर पुढे अशा ठिकाणी अडकायला होतं, जिथे चूक दुरुस्त करायची दुसरी संधी नसते.

वायुदलाच्या फ्लाइंग ब्रँचमध्ये तुमची निवडच वैमानिक म्हणून होते. लष्करात तसं नाही. लष्कराची आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला उभी राहिली. तिच्याकडे चीता, चेतक, ध्रुव, रुद्र, प्रचंड आणि आता अपाची अशी हेलिकॉप्टर आहेत, लढाऊ विमानं नाहीत. प्रशिक्षण आपल्या नाशिकलाच होतं. सियाचिनसारख्या उंचीवर रसद पोचवणं, जखमींना खाली आणणं ही कामं हेच वैमानिक करतात, आणि उड्डाणकौशल्याचा कस तिथे लागतो तसा फार कमी ठिकाणी लागतो. मात्र तुम्ही आधी लष्करी अधिकारी बनता. दुसऱ्या आर्ममधून (लष्कराच्या शाखेतून) एव्हिएशनला जायचं तर अर्ज, वेगळी मेडिकल आणि वैमानिकाची चाचणी पार करावी लागते. ते जमलं नाही तर पायदळात किंवा तोफखान्यात आनंदाने राहाल का? उत्तर 'हो' असेल तरच लष्कर पहिलं टाका.

नौदलाचं आकर्षण म्हणजे विमानवाहू जहाज. विक्रमादित्य आणि २०२२ मध्ये दाखल झालेली विक्रांत या दोन्हींवर विमान उंचावलेल्या रॅम्पवरून झेप घेतं आणि उतरताना शेपटाखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकवून थांबतं. चाकं डेकला टेकताच वैमानिक इंजिनची ताकद कमी करत नाही, वाढवतो. कारण तार हुकली तर त्याच वेगाने पुन्हा हवेत उठावं लागतं. हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येतो त्याने नौदलाचा विचार जरूर करावा, पण हिशेब समजून. या जहाजांवरचं लढाऊ विमान मिग-२९के चालवणारे मोजकेच असतात. नौदलाचे बरेच वैमानिक हेलिकॉप्टरवर किंवा डॉर्निअर, पी-८आय या टेहळणी विमानांवर जातात: पाणबुड्यांचा शोध, किनाऱ्याची टेहळणी, समुद्रातली सुटका. हेलिकॉप्टरचं शिक्षण तामिळनाडूतल्या आरक्कोणमला, डॉर्निअरचं कोचीला, मिगचा तळ गोव्यात. शॉर्ट सर्व्हिसच्या (ठरावीक वर्षांच्या नोकरीच्या) पायलट एंट्रीतून थेट वैमानिक म्हणून निवड होते, त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागते. समुद्र आवडत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तटरक्षक दलाची आठवण कुणाला होत नाही, याचं वाईट वाटतं. डॉर्निअर, चेतक आणि ध्रुववर बचावाचं खरंखुरं काम तिथे होतं. पदवी आणि बारावीपर्यंत गणित-भौतिकशास्त्र असेल तर अर्ज करता येतो.

वायुदलात गेलात म्हणजे फायटर मिळालं असंही नाही. हैदराबादजवळच्या दुंडिगलला पिलाटस पीसी-७ वर मूलभूत शिक्षण होतं आणि मग फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी विभागणी. ती गुणवत्ता आणि दलाची गरज पाहून ठरते. तुमची इच्छा विचारात घेतली तरी अंतिम शब्द तिचा नसतो. फायटरवाले पुढे बीदरला हॉक या प्रशिक्षण जेटवर जातात, हेलिकॉप्टरवाले हकिमपेटला, ट्रान्सपोर्टवाले येलहंकाला. एमआय-१७ हेलिकॉप्टर किंवा सी-१७ मालवाहू विमान मिळालं तर हिरमोड होईल असं वाटत असेल, तर स्वतःशी आत्ताच प्रामाणिक बोला.

आता शरीर, कारण अनेकांचा प्रश्न अभ्यासाआधी इथेच सुटतो. वायुदलाच्या वैमानिकाला उंची किमान १६२.५ सेंमी लागते. बसलेली उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी जास्तीत जास्त ६४ सेंमी. हे घरी मोजता येतं: भिंतीला पाठ टेकून बसा, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडी, पाय समोर सरळ पसरून भिंतीपासून टाचेपर्यंत पाय. पाय आखूड असेल तर रडर पेडलपर्यंत (विमान वळवायच्या पायातल्या पेडलपर्यंत) पोचत नाही. मांडी लांब असेल तर इजेक्शन सीटने बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आदळतात. मेहनतीने बदलणारी ही गोष्ट नाही, म्हणून आधी मोजा.

डोळ्यांत उणे नंबर चालत नाही. लेसर शस्त्रक्रिया वायुदल मान्य करतं, पण विसाव्या वर्षानंतर केलेली आणि तपासणीच्या किमान १२ महिने आधीची. म्हणजे उणे नंबरच्या चष्मेवाल्यासाठी एनडीएतून वायुदलात उडणं बंद, आणि एएफकॅट या वायुदलाच्या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेत फ्लाइंगची वयोमर्यादा २० ते २४ असल्याने हाताशी थोडाच काळ उरतो. अठराव्या वर्षी घाईने शस्त्रक्रिया करून घेणं ही इथली सर्वांत महागडी चूक.

दुसरी जपायची गोष्ट सीपीएसएस. एसएसबीत (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत) शिफारस झाल्यावर होणारी ही वैमानिकाची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग कायमचं गेलं. तबकड्या वाचून विमानाची स्थिती ओळखणं आणि हात-पाय-डोळे यांचा मेळ ठेवणं असं तिचं स्वरूप. सूचना इंग्रजीत असतात, त्या अर्धवट ऐकून सुरुवात करणारे फसतात. स्टिकवर मोठे झटके दिले की चूक उलट्या बाजूला वाढते. छोट्या दुरुस्त्या सतत करायच्या. आदल्या रात्री झोप हवीच.

नोकरीची मुदतही पाहा. एनडीएतून कायम कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी) मिळतं. एएफकॅटच्या फ्लाइंग शॉर्ट सर्व्हिसमध्ये १४ वर्षं, आणि निवृत्तिवेतनाला २० लागतात. मुलींना २०२२ पासून एनडीए खुली आहे. वायुदलात मुली २०१६ पासून फायटरवर आहेत.

दहावीनंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही घ्या. एनडीएतून वायुदल-नौदलासाठी ते लागतातच. एएफकॅटला पदवी कलेची चालते, पण बारावीच्या गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के हवेतच. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेते, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. दोन्हीकडे प्रवेश दहावीच्या टप्प्यावर असतो, बारावीनंतर चौकशी करून उपयोग नाही.