थायरॉईडचे किलो किती, माझे किती

वजनाच्या आधी केस गेले. मग ऐन मे महिन्यात पाय गार पडायला लागले, दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले आणि वजन ५८ वरून ७२ वर गेलं. 'सुख मानवलंय' असं म्हणून झालं सगळ्यांचं. रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावली की वाढणारं संप्रेरक, १८ वर; थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवणारं अँटी-टीपीओही वाढलेलं. म्हणजे हाशिमोटो. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईड ग्रंथीवर उठते, तो प्रकार.

खरं सांगू? रिपोर्ट बघून मला हायसं वाटलं. वजनाला कारण मिळालं! पण एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टर, बाई मोठ्या सरळसोट. म्हणाल्या, "थायरॉईडमुळे साधारण दोन ते साडेचार किलो वाढतं, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. तुमचे चौदा आहेत. उरलेल्यांचं काय करायचं ते नंतर बघू, आधी गोळी." राग आला होता, पण हिशेब त्यांचाच बरोबर निघाला.

गोळी थायरॉईड संप्रेरकाची, ५० मायक्रोग्रॅमची, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आमच्याकडे डोळे उघडले की सासूबाईंचा चहा तयार, आणि त्यांना 'थांबा' म्हणायची पद्धत नाही. शेवटी बाटली उशाशी ठेवली. पहाटे दूधवाल्याची बेल वाजली की गोळी घ्यायची आणि पुन्हा आडवं व्हायचं.

तरी पुढच्या तपासणीत टीएसएच म्हणावा तसा उतरला नाही. बाईंनी सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मी नाश्त्यासोबत घेत होते. त्या थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाहीत, चार तासांचं अंतर लागतं. हे तोवर कुणी बोललंच नव्हतं! लोह दुपारी गेलं, कॅल्शियम रात्री. डोसही ७५ झाला. सहा ते आठ आठवडे थांबून मगच पुन्हा रक्त द्यायचं, आधी देऊन उपयोग नसतो. यावेळी टीएसएच ३.१, म्हणजे आटोक्यात.

चेहऱ्याची सूज उतरली, बोटात रुतलेली अंगठी फिरायला लागली, तीनेक किलो गेले. आणि काटा थांबला.

पुढचं सगळं स्वयंपाकघरातलं. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "महिन्याला तेल किती लागतं?" दुसरा, "चहा किती, साखर किती?" पाच कप, दोन-दोन चमचे. नुसत्या साखरेच्याच दीडशेवर कॅलरी, रोजच्या. उपासाची साबुदाणा खिचडी तर त्यांनी बोलायलाही घेतली नाही, नुसत्या हसल्या. दुपारी आधी काकडी-टोमॅटो आणि मटकीची उसळ, मग पोळी. नुसतं चालणं पुरेना म्हणून आठवड्यातून तीनदा डंबेल्स.

थायरॉईडला वर्ज्य म्हणतात तो कोबी-फ्लॉवर मात्र सोडला नाही, शिजवून बेताने खाल्ला तर चालतो. धण्याचं पाणी पिऊन गोळी बंद करा, असं सांगणारे नात्यात निघालेच. धण्याचं पाणी मला आवडतं, पिते. गोळी चालू आहे.

वर्षभरात ६४ वर आले. ५८ चा नाद सोडलाय. आता टीएसएच दर सहा महिन्यांनी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेते, ते रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवायचं, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.