अमावास्येचं बुकिंग

ट्रॅव्हल एजंटने पाठवलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत होतं, ‘गॅरंटीड नॉर्दर्न लाइट्स’. म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा तो रंगीत प्रकाश. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फोन लावला.

“गॅरंटी कशाची हो, भाऊ?”

“मॅडम, नाही दिसले तर पुढच्या टूरवर डिस्काउंट देऊन राहिलो ना आपण.”

म्हणजे वाघ दिसला नाही तर पुढच्या जिप्सीत सूट! हे नागपूरच्या माणसाला सांगायचं? आमच्याकडे पाहुणा आला की ताडोबा ठरलेलं. पहाटे तीनला उठा, थर्मासमध्ये चहा भरा, मोहर्लीच्या गेटवर कुडकुडत उभे राहा. मी आजवर अकरा सफाऱ्या केल्या, वाघ चारदा दिसला. त्यातही एकदा नुसतं शेपूट. मागेपुढे पंधरा-वीस जिप्स्या, धुळीचा लोट, ‘बैठो, बैठो’चा गलका आणि बांबूत शिरणारं ते पट्ट्यांचं शेपूट. पाहुणे परत येताना सगळ्यांना फोन करून सांगत होते, वाघ दिसला म्हणून. मी गप्प बसले.

एवढं मात्र त्या जंगलाने शिकवलंय. पैसे मोजून मिळते ती जिप्सी, आणि आत घालवायचे तास. वाघ त्यात धरलेला नसतो.

मी एकतीस वर्षं नागपुरातल्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, ध्रुवांजवळच्या आकाशातला प्रकाश : दोन मार्कांचं उत्तर, फळ्यावर चार ओळी. एकदा मुलांना रमण विज्ञान केंद्र दाखवून परत येत होतो. बसमध्ये एकाने विचारलं, “मॅडम, तुम्ही पाहिला का तो प्रकाश?” मी म्हटलं, “पुस्तकात.” तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने समजूतदारपणे मान हलवली.

मग २०२४ चा मे उजाडला. मी अंगणात कूलरची वुडवूल बदलत होते, हात ओले, आणि एका जुन्या विद्यार्थिनीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. १० आणि ११ मेच्या रात्रीचा, लडाखमधल्या हान्लेचा. आकाशाला लाल झाक. आपल्या देशातून! त्या रात्री सूर्यावरून आलेलं वादळ इतकं जबर होतं की नेहमी ध्रुवाभोवती घुटमळणारा प्रकाश खूप खाली दक्षिणेकडे सरकला होता. मी फोटो बघतेय आणि कूलरची टाकी भरून वाहतेय. नागपूरजवळच्या बेसा गावातला प्लॉट विकायचं आमचं तेव्हा चाललंच होतं. सौदा झाला तेव्हा मी ह्यांना सांगितलं, यातले थोडे माझे.

थोडे म्हणजे दोघांचे मिळून साडेबारा लाख. हे म्हणाले, “साडेबारा लाखांचा अंधार?” माणूस वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये, खाण अभियंता होता. अंधार यांना आयुष्यभर पगार देऊन दाखवलाय, त्यामुळे त्यांचंही बरोबर होतं.

आता एजंटच्या त्या कागदाकडे येते. आठ रात्री. कोपनहेगन दोन, स्टॉकहोम दोन, मग नॉर्वेतलं ट्रोम्सो तीन, परतीची एक. तारखा होळीच्या, कारण ‘मॅडम, तेव्हा लोकांना सुट्या जमतात’. मी कालनिर्णय उघडलं. होळी म्हणजे पौर्णिमा! जेमतेम दिसणारा प्रकाश बघायला निघायचं आणि डोक्यावर टपोरा चंद्र. प्रकाश जोरकस असेल तर चंद्रातही दिसतो, पण फिकट असेल तर धुऊन जातो. मी बोट मागे सरकवलं ते महाशिवरात्रीवर आणलं. शिवरात्रीच्या पाठोपाठ अमावास्या. मार्चचा पहिला पंधरवडा, विषुवदिन जवळ. या दिवसांच्या आगेमागे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ जास्त होते. एजंटला म्हटलं, अमावास्येचं बुकिंग करा. पलीकडे शांतता. अमावास्येला प्रवासाला निघणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

दुसरी गोष्ट रात्रींची. विजेच्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. समजा, आकाश मोकळं आणि प्रकाशही हजर असं तीन रात्रींतून एकदा घडतं. मग तीन रात्री राहिलं तर एकदा तरी दिसण्याची शक्यता सत्तर टक्के. सहा रात्री राहिलं तर एक्याण्णव. खरं तर ढग आले की दोन-तीन दिवस मुक्कामच ठोकतात, त्यामुळे गणित इतकं सरळ नाही. पण दिशा कळते. कोपनहेगन कापलं. त्यांच्या यादीतला ‘शॉपिंग विथ पर्सनल स्टायलिस्ट’ही कापला. खरेदीला आमची सीताबर्डी पुरे.

ट्रोम्सोही कापलं, ते मात्र थोडं जड मनाने. गाव सुंदर आहे, ६९ अंशांच्याही वर असून समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथे म्हणावी तशी बोचरी थंडी नसते. पण तोच समुद्र ढग पाठवतो. त्यापेक्षा डोंगराच्या अलीकडे, स्वीडनमधलं आबिस्को. नॉर्वेच्या हद्दीवरचे डोंगर पश्चिमेकडची वाफ अडवतात, पाऊस-बर्फ त्यांच्या अंगावर पडतं आणि आबिस्कोच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर येतं. आपल्या नागपुरात एकटा जुलै तेवढा पाऊस पाडतो. गावाशेजारी तोर्नेत्रेस्क नावाचं ७० किलोमीटर लांब तळं आहे, मार्चमध्ये गोठलेलं. त्यावरचा आकाशाचा तुकडा आजूबाजूला ढग असतानाही उघडा राहतो, अशी त्याची ख्याती आहे. फुटाळा तलावावर बसून पाऊस कुठून येतोय ते ओळखणाऱ्या माणसाला हे तर्कशास्त्र लगेच पटतं.

शेवटी ठरलं ते असं : जाताना आणि येताना स्टॉकहोमला एकेक रात्र, किरुनाला दोन, आबिस्कोला चार.

किरुना हा माझा घरातला डाव. तिथे लोखंडाची प्रचंड भूमिगत खाण आहे. खाणीने गावाखालची जमीन खचत चालली म्हणून गावच उचलून दुसरीकडे नेतायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च, ६७२ टन वजनाचं, अख्खंच्या अख्खं गाडीवर चढवून दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. मी ह्यांना तो व्हिडिओ दाखवला. चष्मा कपाळावर चढला. “एकदा परत लाव.” चार वेळा पाहिला. “खाली सपोर्ट कसा दिला असंल?” तिकिटाची चर्चा त्या संध्याकाळनंतर झाली नाही. आता रोज जेवताना मला चाकांची संख्या ऐकावी लागते.

राहायला खास आपल्यापुरतं काय घ्यायचं, यावर लेकीशी माझं वाजलं. तिला काचेचा इग्लू हवा होता, पलंगावर पडल्या पडल्या आकाश दिसेल असा. फोटोत छान दिसतो. मी चौकशी करत गेले. काच उत्तरेकडे आहे का? बाहेर पायवाटेवर दिवे आहेत का, आणि ते विझवता येतात का? काचेवरचा बर्फ कोण काढतं? पहिल्या ठिकाणच्या बाईंनी उत्तरात स्पाचं दरपत्रक पाठवलं. दुसऱ्या ठिकाणचे सरळ होते, म्हणाले, काच दक्षिणेला आहे, पण सूर्योदय सुंदर दिसतो. शेवटी आम्ही लाकडी केबिन घेतली, स्वयंपाकघर असलेली, तळ्याच्या काठाला, दार उघडलं की उत्तर.

वाचलेले पैसे गाडीत घातले. चारही रात्री एक गाडी आणि तिचा वाटाड्या फक्त आमच्यासाठी. माझ्या मते चैनीचा खरा अर्थ तेवढाच आहे. चाळीस माणसांची बस ठरलेल्या जागी थांबते, ठरलेल्या वेळी परत फिरते. आमचा माणूस उपग्रहाचं ढगांचं चित्र बघून ठरवणार, पश्चिमेला नॉर्वेच्या हद्दीकडे जायचं की पूर्वेला किरुनाकडे. ह्यांच्या गुडघ्यासाठी दर अर्ध्या तासाने थांबता येईल. आणि मला रात्री दोनदा उठावं लागतं, हे बसमधल्या चाळीस जणांना कळायचं कारण नाही. बर्फाचं हॉटेलही किरुनाजवळच आहे, युक्कासयार्वीला. तोर्ने नदीचा बर्फ कापून दर हिवाळ्यात बांधतात. आत उणे पाच. ते आम्ही दिवसा पाहू आणि कॉफी पिऊन निघू.

बाकी कामं पटापट. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, तो साठीनंतर महाग पडतो, काढला. बोटांचे ठसे द्यायला मुंबई. कानटोप्या तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातून आणल्या, आतले लोकरी कपडे लेकीने मागवले, वरचे जाड सूट तिथे देतात. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आले तेव्हा ह्यांनी ते चढवून फरशीवर चालून पाहिलं. ओरखडे अजून आहेत. फक्त संत्राबर्फीवरून मी हिरमुसले. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे आणि बर्फीत खवा. त्या वाटाड्याला द्यायला दोन डबे आधीच मनात बाजूला काढले होते. आता मेतकूट, भाजणी आणि पिठल्यापुरतं बेसन जाईल.

लोक विचारतात, केपी किती असला की जायचं? चुंबकीय खळबळ मोजणारा हा ० ते ९ चा आकडा मोबाइलवर बघून माणसं हॉटेलातून बाहेरच पडत नाहीत म्हणे. आबिस्को ध्रुवाभोवतीच्या त्या प्रकाशाच्या वर्तुळाखालीच आहे, तिथे केपी दोन असला तरी चालतं. मी बघणार ती सौर वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. ती दक्षिणेकडे वळली की पृथ्वीचं दार किलकिलं होतं. हे मोजणारी यानं पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहेत, आपलं आदित्य एल-१ सुद्धा त्याच भागात, जानेवारी २०२४ पासून. तिथून वारा इथे पोचायला साधारण पाऊण-एक तास लागतो. तेवढ्यात बूट घालून होतात.

आणि रंग. हिरवा नेहमी दिसतो, साधारण १०० किलोमीटरपासून वर. लाल त्याहून कितीतरी वर, २०० च्या पुढे. दोन्ही ऑक्सिजनचेच. फरक इतकाच की कणाचा धक्का बसलेला अणू हिरवा प्रकाश पाऊण सेकंदात सोडून मोकळा होतो, लालसाठी त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खाली हवेची गर्दी, तेवढ्यात कुणीतरी येऊन धडकतं आणि सगळी ऊर्जा धक्काबुक्कीत जाते. वर विरळ हवेत त्याला दोन मिनिटं कुणी हात लावत नाही, म्हणून तो लाल होऊ शकतो. एकतीस वर्षांत हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं.

डोळ्यांना मात्र फिकट प्रकाशात रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. पहिल्या रात्री राखाडी धुरासारखं काहीतरी दिसेल आणि हे म्हणतील, ढग आहे. त्यासाठी डोळे अंधाराला सरावायला हवेत. वीस मिनिटं, अर्धा तास, मोबाइल न बघता. ते आम्हाला जमतं का, हे पाहायला गेल्या रविवारी रात्री अकराला गच्चीवर गेलो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, तोंड उत्तरेला, अंगावर एकेक रजई, सगळे दिवे बंद. उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. सातव्या मिनिटाला ह्यांनी खिशातून मोबाइल काढला, मी काढून घेतला. बाराव्या मिनिटाला त्यांना चहा आठवला.

शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला काकू आल्या. आम्हाला पाहून दचकल्याच.

“काय करून राहिले जी अंधारात? लाइट गेली का?”

“नाही,” हे म्हणाले, “मार्चमध्ये पैसे भरून बसायचं आहे. प्रॅक्टिस सुरू आहे.”