नव्या चिलखतातून आरपार दिसू लागले तेव्हा

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि गेली काही वर्षे एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम नियमाने खेळतो. गेमचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा घोळ त्या एकाच गेमपुरता नसावा. नव्या सीझनचे अपडेट आल्यानंतर बऱ्याच खटपटीने मिळालेले छातीचे चिलखत मी माझ्या योद्ध्याच्या अंगावर चढवले आणि त्याचे धडच नाहीसे झाले. मुंडके जागच्या जागी, हातमोजे जागच्या जागी, कमरेखालचे जुने बूटही शाबूत, आणि मधल्या रिकाम्या जागेतून मागची तटबंदी स्वच्छ दिसत होती. माहितीच्या चौकटीत मात्र संरक्षणाचा आकडा वाढलेला होता, म्हणजे सर्व्हरच्या लेखी चिलखत अंगावर होते. फक्त ते मला दिसत नव्हते.

धड का गेले, हे समजून घेतले की पुढचा तपास सोपा होतो. अशा बहुतेक गेममध्ये शरीर आणि चिलखत ही दोन वेगळी त्रिमितीय मॉडेल्स असतात आणि ती एकाच सांगाड्यावर बसवलेली असतात. योद्धा वाकला, धावला की आतली कातडी चिलखतातून बाहेर डोकावू नये म्हणून चिलखताखाली झाकला जाणारा शरीराचा भाग गेम रेखाटतच नाही. माझ्या बाबतीत गेमने धड लपवण्याचे काम चोख केले होते, पण त्या जागी बसवायचे चिलखताचे मॉडेल त्याला मिळाले नव्हते.

नेहमीचे उपाय उरकून घेतले. पोशाख बदलून दाखवणारा पर्याय बंद केला, ग्राफिक्सची पातळी वरखाली करून पाहिली, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत केला, साठलेले शेडर (पडद्यावर रंग-छाया उमटवणारे छोटे प्रोग्रॅम) पुसले, बाहेरून घेतलेले अ‍ॅडऑन काढून टाकले. फरक शून्य. कंपनीच्या मदत विभागाने संपूर्ण गेम काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला दिला. पण इतका मोठा डाउनलोड करण्याआधी दोष माझ्या संगणकात आहे की सर्व्हरकडे, हे ठरवणे मला जास्त गरजेचे वाटले.

त्यासाठी सिडकोत राहणाऱ्या मावसभावाला फोन केला. तोही हाच गेम खेळतो. आम्ही दोघांनी आपापले योद्धे गेममधल्या एकाच चौकात आणून समोरासमोर उभे केले. तो म्हणाला, “दादा, तुझं चिलखत तर चकाचक दिसतंय की इकडे!” त्याच्या अंगावरही त्याच सीझनचे चिलखत होते, आणि माझ्या पडद्यावर तोही बिनधडाचा उभा होता. इतकेच नव्हे, त्या चौकातल्या गर्दीत नवे चिलखत घातलेला प्रत्येक जण मला मधोमध पोकळ दिसत होता. सर्व्हर कोणालाही चित्र पाठवत नाही; अमुक खेळाडूच्या अंगावर अमुक क्रमांकाची वस्तू, अमुक रंगात आहे, एवढेच तो कळवतो आणि चित्र प्रत्येकाचा संगणक आपल्या डिस्कवरच्या फाइल्समधून उभे करतो. तेव्हा माझे खाते आणि सर्व्हर दोन्ही निर्दोष ठरले.

आता प्रश्न फाइल्सचा होता. त्यांची तपासणी करण्याची सोय लाँचरमध्ये, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असते. ती चालवली, तर सर्व फाइल्स ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला. येथे मी काही काळ अडलो. मग जुन्या पेटाऱ्यातली चिलखते एकेक करून घालून पाहिली, तेव्हा जुनी सगळी नीट दिसली आणि केवळ नव्या सीझनचीच गायब झाली. अपडेटसोबतच्या टिपणात एक ओळ होती, तिला आता अर्थ आला: नव्या वस्तूंची मॉडेल्स यापुढे मुख्य फोल्डरमध्ये न येता, गरज पडेल तशी डाउनलोड होऊन विंडोजमधील वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये साठणार होती. माझा गेम डी ड्राइव्हवर आहे आणि तपासणी तिथल्याच फाइल्सची होत होती. त्या खरोखरच ठीक होत्या.

डी ड्राइव्हवरच्या गेमच्या फोल्डरमध्ये गेम चालताना काय घडले याची नोंद ठेवणारी एक लॉग फाइलही असते. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर फोल्डर तयार करता न आल्याची तक्रार ओळीमागून ओळ नोंदलेली होती, आणि पत्त्यात ‘यूजर्स’नंतर माझ्या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे होती. माझे नाव चार अक्षरी आहे. पण त्यातल्या दोन वेलांट्या संगणक स्वतंत्र मोजतो, म्हणून सहा. घरच्या संगणकावरचे खाते सुरुवातीपासून देवनागरी नावाने आहे, त्यामुळे त्याचा फोल्डरही देवनागरीत आहे.

विंडोज स्वतः आतून युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या एकाच पद्धतीवर चालते आणि देवनागरी फोल्डरचे तिला काही वावडे नाही. अडचण त्या प्रोग्रॅमची असते, जे अजूनही जुन्या पद्धतीने, म्हणजे कोडपेजच्या (ठरावीक भाषांपुरत्या चिन्हांच्या तक्त्याच्या) आधारे फाइलचा पत्ता वाचतात. जपानीसाठी ९३२, रशियनसाठी १२५१ अशी कोडपेजेस आहेत, पण संपूर्ण सिस्टिमसाठी निवडता येईल असे जुन्या धाटणीचे कोडपेज देवनागरीला कधी मिळालेच नाही. कोडपेजमध्ये न सापडणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. फोल्डर तयार झाला नाही, मॉडेल साठले नाही, म्हणून धड रिकामे. टोकियोतल्या खेळाडूचे नाव जपानी लिपीत असूनही कदाचित निभावले असते, हे मला थोडे लागलेच.

खात्री करण्यासाठी रोमन लिपीत नाव देऊन विंडोजचे नवे स्थानिक खाते उघडले, त्यातून गेम सुरू केला आणि जरासा डाउनलोड होताच चिलखत अंगावर आले. खांद्यावरची पितळी नक्षी तर मी तेव्हा प्रथमच पाहिली. दुसराही एक मार्ग होता. विंडोज १० पासून प्रादेशिक सेटिंग्जमध्ये यूटीएफ-८ (युनिकोडमधला मजकूर साठवण्याची एक पद्धत) हेच सिस्टिमचे कोडपेज करण्याचा पर्याय आहे, पण त्यावर अजून ‘बीटा’ असे लिहिलेले असते आणि तो सगळ्याच जुन्या प्रोग्रॅमना लागू होतो. याच संगणकावर वडिलांचा युनिकोडपूर्व फॉन्टमधला बराच मजकूर आहे. एका चिलखतापायी तो विस्कटण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता, म्हणून गेमपुरते नवे खाते ठेवले आणि जुने तसेच राहू दिले.

लॉगमधल्या ओळी कंपनीला पाठवल्या असून तक्रार संबंधित विभागाकडे दिल्याचे उत्तर आले आहे. कोणाला असाच अनुभव येत असेल, तर सी ड्राइव्हवरचा ‘यूजर्स’ फोल्डर उघडून तिथे आपले नाव कोणत्या लिपीत आहे ते आधी पाहावे. स्टार्ट मेनूत दिसणाऱ्या नावावर जाऊ नये. ते कंट्रोल पॅनेलमधून बदलले, तरी फोल्डरचे नाव पहिले होते तेच राहते.