सातच्या पाढ्याशी छत्तीसचा आकडा

दर महिन्याला आम्हाला एक तक्ता भरून द्यावा लागतो. विद्यार्थ्याचं नाव आणि पुढे रकाना: ‘२ ते १० पाढे येतात, होय/नाही’. हा रकाना ज्याने आखला त्याने माझ्या चौथीतल्या पाच पोरांसमोर एक दुपार बसून दाखवावं. पाढा घडाघडा म्हणतात आणि लिहायला सांगितलं की गडबडतात, त्यांचं काय भरू?

ऑगस्टपासून या पाच जणांना मधल्या सुट्टीनंतर वेगळं घेऊन बसायला लागले. गणित पेटी मागितली तर मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे. मणी हरवले तर भरून कोण देणार?” पेटी कपाटातच राहिली. मग चिंचोके आणले. (हरभरे आणू नका. पोरं खातात, आणि उत्तर दर वेळी कमी येतं.)

बे, पाच, दहा आठवड्यात झाले. चारच्या पाढ्याला मेंढरांचे पाय पुरले. दोघांच्या घरी मेंढरंच आहेत. सहाला अंड्यांचा तीसचा रिकामा ट्रे घेतला. सहा ओळी, ओळीत पाच. ट्रे फिरवला, पाच ओळी, ओळीत सहा. “बाई, किती बी फिरवा, अंडी तेवढीच हायती की!” एवढं त्यांचं त्यांना सुचलं की ओझं निम्मं होतं. दहापर्यंतच्या १०० गुणाकारांतले उलटसुलट सारखे असलेले एकदाच मोजले तर ५५ उरतात. त्यातून एक, दोन, पाच, दहाचे वगळले की फक्त २१. हे २१ मी एका पुठ्ठ्यावर लिहून टांगले. पुठ्ठा बघूनच पोरांचे चेहरे सैल झाले.

आणि सातावर गाडी रुतली.

एक पोरगी, अक्षर मोत्यासारखं. चिंचोक्यांच्या सात-सातच्या नऊ ओळी तिने बरोबर मांडल्या. “सात नवे त्रेसष्ट,” खणखणीत म्हणाली. लिही म्हटलं, तर ३६. मी म्हटलं, चूक, पुन्हा म्हण. पुन्हा त्रेसष्ट. पुन्हा ३६. असे तीन आठवडे गेले. शेवटी वैतागून मी तिला घरून दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वही पुढे केली: एकाखाली एक, सुबक, दहा वेळा ३६. ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात शेजारच्या पोराच्या वहीवर नजर गेली. सात साती एकोणपन्नास, ५९. सात सक बेचाळीस, २४. मग माझी ट्यूब पेटली. गुणाकार येत होता. अडलं होतं ते संख्येच्या नावापाशी.

त्रेसष्ट. कानावर आधी तीन येतात, साठ मागून. पोरीने जसं ऐकलं तसं लिहिलं, तिचं काय चुकलं? एकोणपन्नास तर त्याहून चकवा. ऐकू येतात पन्नास, आणि लिहायचे मात्र चाळीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आणली, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात, तसंच हे होतं. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळे हसलो होतो. मीही.

दुसऱ्या दिवशी खराट्याचे हीर मोडून आणले. जुन्या सायकल ट्यूबच्या बारीक चकत्या कापल्या, त्यांनी दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. सात-सात काड्या नऊ वेळा घ्यायच्या, दहा झाल्या की जुडी बांधायची. सहा जुड्या आणि तीन सुट्या. “म्हण.” “साठ आणि तीन.” “लिही.” ६३. मग म्हटलं, याचंच मोठ्यांतलं नाव त्रेसष्ट. आधी ‘साठ तीन’ बोलायचं, लिहायचं आणि शेवटी नाव घ्यायचं. पंधरा दिवस हेच चाललं. काड्या मात्र त्यांनाच बांधू द्या. मी घाईघाईत तयार जुड्या दिल्या, त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

राहिलंच: नऊच्या पाढ्याला बोटं पुरतात. दोन्ही पंजे पुढे धरून डावीकडून सातवं बोट मिटलं की अलीकडे सहा, पलीकडे तीन. तिथेही साठ आणि तीन डोळ्यांना दिसतात.

पोरगी आता ६३ लिहिते. तो पोरगा एकोणपन्नास अजून ५९ लिहितो, मग जीभ चावून खोडतो. या महिन्याच्या तक्त्यात त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘येतात, एकोण सोडून’. संध्याकाळी वरून फोन आला: बाई, होय किंवा नाही एवढंच लिहा, रकान्यात मजकूर नको.