तुम्ही विचारलंत म्हणून : आधी उपचार की आधी अभ्यास?

नव्या विषाणूंवरील संशोधनात मी काम करते हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : माणूस प्राणवायूवर असताना तुम्ही त्याचे नमुने आणि नोंदी कशा घेत बसता? आधी उपचार करावेत, अभ्यास मागाहून व्हावा. या प्रश्नामागची कळकळ मला मान्य आहे. परंतु आजार नवा असतो तेव्हा कोणते उपचार करावेत हेच कोणाला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक होण्याची वाट त्याच खाटेपासून सुरू होते. रुग्णाची किंवा नातेवाइकांची संमती मात्र हवीच, आणि नकार दिला तरी शुश्रूषेत तसूभरही फरक पडता कामा नये.

चीनमधील वुहान शहरातील कोविड-19 च्या 41 रुग्णांची माहिती जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना धाप लागली त्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठव्या दिवशी ती लागली, हे त्या मोजक्या नोंदींतून समजले आणि कोणत्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे याचा अंदाज इतर डॉक्टरांना आला. त्या 41 रुग्णांपैकी 6 जण दगावले. पण रुग्णालयापर्यंत पोहोचतात ते बहुधा गंभीर आजारीच, त्यामुळे सर्व बाधितांना तेच प्रमाण लावणे चुकीचे ठरले असते.

नोंदींवरून आजाराची चाल कळते, औषधाचा गुण कळेलच असे नाही. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड कोविडच्या रुग्णांना द्यावे की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद होते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, सुमारे 2,100 रुग्णांना ते देण्यात आले आणि सुमारे 4,300 जणांना केवळ नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले, तर ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काहीही लाभ झाला नाही, हे जून 2020 मध्ये स्पष्ट झाले. नुसत्या अनुभवावर विसंबून ही सीमारेषा कोणत्याही डॉक्टरला आखता आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

प्लाझ्माची, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील द्रव भाग रुग्णाला देण्याच्या उपचाराची, कथा याहून क्लेशदायक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) भारतातील 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्मामुळे आजार बळावणेही कमी झाले नाही आणि मृत्यूही नाहीत. हा निष्कर्ष 2020 मध्येच प्रसिद्ध झाला होता, तरीही मे 2021 मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला जाईपर्यंत, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, आपल्या माणसाला खाटेवर सोडून कुटुंबेच्या कुटुंबे दात्यांच्या शोधात वणवण फिरत होती.