हवा बघायला कोण गेलं होतं?

बत्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, पण मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वर्गातला नाही. सावंतवाडीजवळच्या एका गावात वाचनालयाच्या व्याख्यानाला गेले होते. पृथ्वीच्या ४५४ कोटी वर्षांपैकी जवळजवळ निम्मा काळ हवेत ऑक्सिजन नव्हताच, असं सांगून मी पाण्याचा घोट घेत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक काका उठले. "बाई, बघूक कोण गेल्लो?"

हशा पिकला. मीही हसले आणि काहीतरी गोलमाल उत्तर देऊन वेळ मारून नेली. तेव्हापासून हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतच राहिलाय. परवा तुम्हीही विचारलात, म्हणून यावेळी नीट सांगते.

बघायला कोणीच गेलं नव्हतं. जुन्या हवेचा थेट नमुना हवा असेल तर अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले बुडबुडे आहेत, पण त्यांची सलग नोंद दहा-बारा लाख वर्षांपलीकडे जात नाही. आपल्या हिशोबात ही कालची गोष्ट झाली. सह्याद्रीला विचारूनही उपयोग नाही. हा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. कुठल्याही किल्ल्याच्या कड्यावर दोन थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, ती एक लाव्हा थंड झाल्यानंतर आणि दुसरी येण्याआधी तयार झालेली, गंजलेली माती. म्हणजे तेव्हा हवेत ऑक्सिजन भरपूर होता. आपल्याला त्याच्या कितीतरी आधीचं हवंय.

आणि न बघता सांगणं हे काही हवेपुरतंच नाही. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला इथे आहे, १२ किलोमीटरच्या थोडं पुढे. पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर. तरी पुस्तकात कवच, प्रावरण, गाभा अशी आकृती छापतोच की आपण! रिचर्ड ओल्डहॅम नावाचे गृहस्थ आपल्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते. १८९७च्या आसाम भूकंपाचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि पुढे १९०६ साली, भूकंपाच्या लहरी पलीकडच्या बाजूला कधी पोचतात यावरून, आत वेगळा गाभा असल्याचं दाखवलं. आंब्याची कोय बघायला आंबा कापावाच लागतो असं नाही.

हवा आली तीही या आतल्या भागातूनच. ज्वालामुखींनी पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, गंधकाचे वायू बाहेर टाकले. याची खूण आजही तुमच्या छातीत जाते. कोरड्या हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो आणि तो जवळजवळ सगळा खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार होऊन बाहेर झिरपलेला आहे. ऑक्सिजन मात्र ज्वालामुखीतून येत नाही. तो आला सायनोबॅक्टेरियांकडून, म्हणजे डबक्यावर जी निळी-हिरवी बुळबुळीत साय धरते तिच्या पूर्वजांकडून.

आता माझ्या लाडक्या दगडाकडे येते. गोव्यात डिचोलीकडच्या एका खाणीजवळ विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तिथून आणलेला. मुठीएवढाच आहे, पण हातात घेतला की माणूस दचकतो, इतका जड. एक पट्टा पोलादी चमकीचा, एक तांबूस, मग बोटाच्या नखाएवढा पांढुरका, पुन्हा पोलादी. फरशीच्या पाठीमागच्या खरखरीत बाजूवर घासला की कुंकवासारखी लाल रेघ उठते. गोव्याच्या बार्जेसमधून मांडवीवरून गेलं ते हेच लोखंड. गडचिरोलीत सुरजागडलाही असेच पट्टेरी खडक आहेत. गोव्यातले हे थर २५० कोटी वर्षांहून जुने, समुद्राच्या तळाशी बसलेले.

समुद्राच्या पाण्यात एवढं लोखंड आलं कसं, हे आमच्याकडे बोअरवेल असलेल्या कुणालाही कळेल. बोअरचं पाणी बादलीत पडतं तेव्हा काचेसारखं नितळ असतं. तासाभराने बघावं तर वर पिवळा तवंग आणि तळाशी तांबडा गाळ. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहतं. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो. त्या काळातला अख्खा समुद्र असा बोअरच्या पाण्यासारखा होता. सायनोबॅक्टेरियांनी सोडलेला ऑक्सिजन आधी या लोखंडाने खाल्ला, ते संपत आलं तेव्हा कुठे उरलेला हवेत साठायला लागला.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली, टाळ्याही घेतल्या. पण ती जरा जास्तच गुळगुळीत आहे. विरघळलेलं लोखंड सूर्यप्रकाश वापरून गंजवणारे जिवाणू आजही सापडतात, आणि त्यांना ऑक्सिजनची गरजच नसते. म्हणजे माझा दगड समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं एवढं छातीठोक सांगतो, पण ते खाली कोणी बसवलं याबाबतीत त्याची साक्ष कच्ची. दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या नद्यांच्या वाळूत सापडलेले माक्षिकाचे, म्हणजे त्या 'मूर्खांच्या सोन्याचे', गोल झिजलेले दाणे त्याच्यापेक्षा बरे साक्षीदार. आजच्या नदीत हे खनिज इतकं घरंगळत जाईपर्यंत गंजून नाहीसं होतं.

पण खटला जिंकून दिला तो गंधकाने, आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नाही, म्हणून मीही ते टाळत आले. गंधकाचे चार स्थिर समस्थानिक असतात, म्हणजे गंधकाचेच अणू, पण वजनाला थोडे कमी-जास्त. नेहमीच्या रासायनिक क्रियांत त्यांची वाटणी वजनाच्या ठरलेल्या हिशोबाने होते. हवेत ऑक्सिजन नसेल तर वर ओझोनही नसतो. मग अतिनील किरण थेट खालपर्यंत येऊन गंधकाचे वायू फोडतात आणि हा हिशोब बिघडतो. हवेत ऑक्सिजन असता तर सगळ्या गंधकाची एकच खिचडी होऊन तो बिघाड पुसला गेला असता. २००० साली जेम्स फारकर आणि सहकाऱ्यांनी जुने खडक तपासले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या खडकांत हिशोब बिघडलेला, त्यानंतरच्या खडकांत सरळ. पुढे गणित करून निघालं की असा बिघाड टिकायला ऑक्सिजन आजच्या एक लाखांशाहूनही कमी असावा लागतो. इतकी स्पष्ट साक्ष मी भूशास्त्रात फार कमी बघितलीय.

मला स्वतःला मात्र पावसाची साक्ष जास्त आवडते. दक्षिण आफ्रिकेत २७० कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ताज्या राखेवर एक सर पडून गेली. थेंबांचे वळ तसेच दगड झाले. २०१२ साली संशोधकांनी आइसलँड आणि हवाईची राख पसरून उंचावरून तिच्यावर थेंब सोडले आणि खळगे मोजले. हवा दाट असेल तर थेंब हळू पडतो, खळगा लहान होतो. त्यावरून निघालं की तेव्हाची हवा आजच्या दुपटीहून दाट नव्हती. अंगणातल्या धुळीवर वळवाचे पहिले थेंब पडतात तेव्हा मी अजून वाकून बघते, घरचे हसतात.

२४० कोटींनंतर लगेच आजची हवा झाली, असंही नाही. ऑक्सिजन आला तो थोडासाच, आणि पुढची शंभरेक कोटी वर्षं तसाच रेंगाळला. त्या काळाला भूशास्त्रज्ञ चक्क 'कंटाळवाणे अब्ज' म्हणतात. २१ टक्क्यांच्या आसपास तो फार उशिरा आला.

त्या काकांकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्यांच्याच अंगणात बोअर होती. बादली भरून ठेवली, चहा होईस्तोवर पाण्यावर पिवळी झाक आली, आणि मी हे सगळं त्यांना सांगितलं, गंधकासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं, बादलीत बोट घालून गाळ चोळून बघितला आणि म्हणाले, "ता रवांदे. आता ह्या पाण्याचा काय करू, ता सांगा."

मग मी सांगितलं: टाकीत पाणी वरून झारीसारखं बारीक धारांनी पडू द्या, रात्रभर बसू द्या, आणि सकाळी वाळूतून गाळून घ्या.